फटफटीवाल्यांची भाषा

११ ऑगस्ट १९९८, मंगळवार

गल्लीत शिरताना स्कूटरला सात आरसे. गल्लीतून बाहेर पडताना नऊ! मध्ये काय आरशांचं दुकान लागलं? कॅसेट मागे घेऊन पुन्हा मोजले. नऊच. एवढा पैसा, एवढी माणसं, आणि आरशांकडे बघायला एक माणूस नाही!

प्रभाकरराव — आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष — दुपारी माझ्या छापखान्यात, प्रेसवर, ही कॅसेट ठेवून गेले. नागपूरच्या कुठल्याशा फिल्म सोसायटीने थोड्या दिवसांसाठी दिली आहे. तीसेक वर्षांपूर्वीचा इंग्रजी चित्रपट, काळा-पांढरा. नदीकाठचं कारखान्यांचं गाव. त्यात पोरांच्या दोन टोळ्या. एक कोट-टाय घालून स्कूटरवर फिरते, दुसरी चामड्याची जाकिटं घालून मोटारसायकलवर. एकमेकांना पाण्यात पाहतात. का? पूर्ण चित्रपट पाहून मला एकच कारण सापडलं — पँट. यांची इस्त्रीची, त्यांची ऑइलने माखलेली.

वाचनालयाच्या सभागृहात हा दाखवायचा आहे. गावातली तरुण पोरं आत पाऊल टाकत नाहीत, बाहेरच्या भिंतीवर बसून असतात. ती या निमित्ताने आत येतील, हा प्रभाकररावांचा हिशेब. पण इंग्रजी असं की तोंडात सुपारी धरून बोलल्यासारखं. कुणाला कळणार? तेव्हा टीव्हीचा आवाज बारीक करायचा आणि माइकवरून मराठी संवाद म्हणायचे! आणि ते संवाद लिहायचे मी. "मनोहरराव, इंग्रजी येणारा आणि इतका रिकामा माणूस वर्ध्यात दुसरा नाही." रिकामा! गणपती मंडळांच्या पावती पुस्तकांचा ढीग त्यांच्या नाकासमोर होता.

हो म्हटलं. मॅट्रिक नापास माणूस मी. इंग्रजी शिकलो कोशातून, शुद्ध मराठी शिकलो लोकांची प्रुफं तपासता तपासता. आंजी गावच्या भाजीवाल्याच्या घरात 'मले-तुले' ऐकत वाढलेला पोरगा आज वाचनालयाच्या अहवालातल्या वेलांट्या सुधारतो. हे काम मला नाही सांगणार तर कुणाला?


१३ ऑगस्ट, गुरुवार

कोशाने दगा दिला. मोटारसायकलवाल्या टोळीला चित्रपटात 'रॉकर' म्हणतात. कोशात पाहिलं — पाळण्याखालची वाकडी पट्टी, झुलती खुर्ची. स्कूटरवाल्यांना 'मॉड' म्हणतात. तो शब्द कोशातच नाही! माझा कोश जुना आहे हे मान्य, पण शब्द काय काल जन्मले? विचार करून नावं ठरवली — स्कूटरवाले ते 'नवमतवादी', मोटारसायकलवाले ते 'दोलक'.

गुंजनला वाचून दाखवलं. (धाकटी. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला.) हसून हसून भिंतीला टेकली. "बाबा, दोलक तं घड्याळीत असते! सरळ लिहा ना — स्कूटरवाले अन् फटफटीवाले."

"तर, आणि, घड्याळात," मी म्हटलं.

नावं मात्र तिचीच ठेवली. सुटसुटीत आहेत म्हणून.

मग म्हणाली, "फटफटीवाल्या रॉयचा आवाज दादाले जमते. दादाले बोलवा."

पंचफुला, आमची मंडळी, स्वयंपाकघरात होती. भांड्यांचा आवाज थांबला. आदेशचं नाव निघालं की या घरात असंच होतं.

पोरगा एप्रिलपासून जाम गावी आहे. मामाच्या — हेमराजच्या — टायरच्या दुकानात. चौरस्त्यावर ट्रकांची चाकं काढतो. प्रेसमध्ये माझ्यापेक्षा भरभर अक्षरांचे खिळे जुळवणारा पोरगा! आईला फोन करतो. मी उचलला तर ठेवून देतो.

कारण काय, तर एक लग्नपत्रिका. त्याच्या मित्राची, अंकितची, बहीण नलू. तिला लहानाची मोठी केली ती जयवंता आत्याने. आत्याला लिहितावाचता येत नाही. पत्रिकेच्या तळाशी एक ओळ आपली असावी, एवढी तिची हौस. तिने सांगितलं आणि आदेशने जसंच्या तसं जुळवलं — 'माह्या नलूच्या लग्नाले आठोनीनं येजा.' प्रूफ माझ्याकडे आलं. मी बघतो तर एका ओळीत चार चुका! दुरुस्त केलं — 'आमच्या नलूच्या विवाहास अगत्य येण्याचे करावे.' सगळ्या पत्रिका छापून दिल्या. आत्याने कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि म्हणाली म्हणे, "हे मी नाई बोलली."

आदेशने तिला शब्द दिला होता, असं तो म्हणाला. मी म्हटलं, शब्द दिला तो कोशात आहे का? त्याच संध्याकाळी गेला.

माझं आजही म्हणणं तेच आहे. पत्रिकेत एकही चूक नव्हती.


१६ ऑगस्ट, रविवार

संवाद लिहायला बसलो. व्हीसीआर भाड्याचा, चालता चालता कॅसेटची फीत चावायला लागला. दुकानाचा माणूस आला आणि स्क्रू-ड्रायव्हर थेट आत! गुंजन म्हणते मी ओरडलो, "अबे काय करून राह्यला बे!" मी असं बोललेलो नाही. तिला ऐकू चुकीचं येतं.

पंचफुला बरबटीच्या शेंगा मोडत बाजूला बसली होती. तिला इंग्रजीचं एक अक्षर येत नाही.

"अवो, हे दोनी टोळीतले पोट्टे सारखेच दिसून राह्यले. एकाच आयचे असल्यावानी."

"दिसत आहेत," मी म्हटलं.

"तेच तं म्हनून राह्यली मी!"

हिला सुधारणं म्हणजे नदीत पाणी ओतणं. पंचवीस वर्षं ओततो आहे.

मग तो प्रसंग आला. फटफटीवाला रॉय रात्रीच्या जेवणाला घरी येतो. बाप रेल्वेत कारकून. टेबलाशी बाप आणि मुलगा. मुलगा सांगतो की मी घर सोडून चाललो. बाप म्हणतो, काटा डाव्या हातात धर. बापाचं बरोबर आहे! पोराने काटा उजव्या हातात धरला होता. पण पुढच्या चित्रात बघतो तर काटा डाव्या हातात! बापाने सांगण्याआधीच! म्हणजे बाप उगाच बोलला असं होतं. कॅसेट थांबवून पंचफुलाला दाखवलं.

ती शेंग मोडता मोडता म्हणाली, "मले काटा नाई दिसला. तो बुढा पोराकडे पाहूनच नाई राह्यला, ते दिसलं."


१७ ऑगस्ट, सोमवार

काटा पुन्हा पाहिला. डाव्याच हातात.


१९ ऑगस्ट, बुधवार

अर्धे संवाद झाले. पुलावरची पहिली बाचाबाची उत्तम उतरली आहे. रॉय स्कूटरवाल्यांच्या म्होरक्याला, डेनिसला, म्हणतो — "सद्गृहस्था, आमच्या मार्गातून दूर हो; अन्यथा परिणामांस सिद्ध राहा."

गुंजनने कागद वाचला. "बाबा, हे पोट्टं मारामारी करून राह्यलं का सत्यनारायण सांगून राह्यलं?"

मूळ इंग्रजीत जे आहे ते घरात म्हणण्यासारखं नाही. ते तिला कसं सांगू?

डेनिसच्या कोटाचं वरचं बटण दर चित्रात वेगळं. लागलेलं, सुटलेलं, पुन्हा लागलेलं. माणूस मारामारी करतो आहे की बटणं लावतो आहे? असं एक पान छापून दिलं असतं तर गिऱ्हाइकाने तोंडावर फेकलं असतं.


२४ ऑगस्ट, सोमवार

पोळा होऊन गेला. आदेश आला नाही. पंचफुलाने पुरणपोळ्या डब्यात भरून बसवाल्याच्या हाती जामला पाठवल्या. मला सांगितलं नाही, मी विचारलं नाही. डबा आपला होता, निळ्या झाकणाचा.

वाचनालयात आवाज ठरले. डेनिस — प्रभाकरराव. वय साठ, पण आवाज अजून बरा. डेनिसची मैत्रीण — गुंजन. रॉयचा बाप, पोलीस, टपरीवाला — मी. रॉय कोण? बाहेरच्या भिंतीवरच्या तीन पोरांना बोलावून वाचायला दिलं. एक 'अन्यथा'ला अडकला. दुसऱ्याने विचारलं, "काका, सिद्ध म्हंजे कोनता गनपती?" तिसरा कागद घेऊन गेला तो गेलाच.

गुंजन घरी येताना म्हणाली, "मी दादाले फोन करू का?"

मी नको म्हटलं नाही. 'दादाला' असंसुद्धा म्हटलं नाही.


३० ऑगस्ट, रविवार

तालीम. डोकं उठलं आहे. सगळं लिहून काढतो, मगच जेवीन.

दुपारी वाचनालयासमोर मोटारसायकल थांबली. हेमराज पुढे, आदेश मागे. हाताला ग्रीस. वाळला आहे, पण दंड भरले आहेत. हेमराजने नेहमीसारखी आरोळी ठोकली, "रामराम जवाईबापू! आनला तुमचा फटफटीवाला! मी फकस्त पेट्रोल टाकलं, बाकी तो आपल्या पायानं आला." आदेशने प्रभाकररावांना नमस्कार केला. माझ्याकडे बघितलं आणि बाकावर बसला.

कागद दिला. वाचला. मग बहिणीला म्हणाला, "गुंजन, बाबाले सांग, हे मी नाई बोलनार."

मी दोन हातांच्या अंतरावर बसलो होतो! मला सांगायला मध्ये माणूस कशाला?

"'बोलणार'," माझ्या तोंडून निघालं.

  आदेश उठला. हेमराजने त्याच्या खांद्यावर हात ठेवून पुन्हा बसवला.

"काऊन नाई बोलनार, ते तरी सांग ना दादा," गुंजन म्हणाली.

"फटफटीवाला असा बोलत असते का? आमच्या दुकानात दिवसभर येते फटफटीवाले. 'परिणामांस सिद्ध राहा' म्हटलं तं बाकीचे पयले त्यालेच हानतीन."

हेमराज हसला. प्रभाकररावही हसले! त्यांना मी असा समजत नव्हतो.

मग गुंजनने तोडगा काढला. स्कूटरवाले कोट-टायवाले आहेत, त्यांनी बाबांची मराठी बोलावी. फटफटीवाल्यांनी आपली बोलावी. म्हणजे पडद्याकडे न बघताही कोण कुठल्या टोळीचा ते कळेल.

मी साफ नाही म्हटलं. आणि का ते सांगितलं. वऱ्हाडी बोलणारे कोण, तर मारामाऱ्या करणारे, मळकी जाकिटं घालणारे! बाहेरगावच्या नाटकांत आपल्या बोलीचं हेच करतात. नोकर आणि चोर तेवढे 'मले-तुले' बोलतात. तेच आपण आपल्या हाताने करायचं? मी आयुष्यभर घासून जीभ कशासाठी स्वच्छ केली? लोकांनी हसू नये म्हणून!

हे जरा मोठ्याने झालं.

आदेश पहिल्यांदा थेट माझ्याकडे बघून बोलला. "शुद्धवाले बी मारामारीच करून राह्यले ना पिक्चरमदी? अन् पयला दगड कोनं फेकला?"

पहिला दगड डेनिस फेकतो. स्कूटरवाला. हे मी स्वतः टिपून ठेवलं होतं.

प्रभाकरराव म्हणाले, करून तर बघू. कॅसेट लावली. पुलावरचा प्रसंग. आदेशने कागद खाली ठेवला आणि पडद्याकडे बघून म्हणाला, "ए टायवाल्या! पूल काय तुह्या मामानं बांधला? सरक बाजूले, नाई तं आरशासकट नदीत टाकीन!" रॉयचे ओठ मिटले आणि आदेशचं वाक्य संपलं. बरोबर तिथेच! माझं वाक्य रॉयचं तोंड मिटल्यावरही 'परिणामांस' इथवरच पोचत होतं.

लांबी जमली, म्हणून मान्य केलं. तेवढ्यापुरतंच.

जाताना हेमराज म्हणाला, "जवाईबापू, पोराले घरी जेवून येऊ देऊ का?" मी म्हटलं, त्याला विचारा. आदेश म्हणाला, दुकान उघडं आहे. गेले.

पंचफुलाने भाकऱ्या जास्तीच्या थापल्या होत्या. त्या तशाच आहेत.


३ सप्टेंबर, गुरुवार

आदेश काल एकटा आला. तालीम झाली. माझ्याशी बोलला ते असं — "बाबा, माइक थोडा इकडे." आणखी एकदा, "ते पान कोनतं?" मी 'कोणतं' म्हटलं नाही. जीभ दातांखाली धरून ठेवली. दुखली!

टेबलाच्या प्रसंगात अडलं. रॉयची पाठ आपल्याकडे आहे, ओठ दिसत नाहीत. इंग्रजीत तो एवढंच म्हणतो, "जातो मग." पण पाठ बराच वेळ दिसते. तेवढ्या जागेत 'जातो मग' दोन वेळा म्हटलं तरी उरतं. आदेशला म्हटलं, काहीतरी भर. म्हणाला, "पाहू तवा." त्या दिवशी पाहू! असं काम होतं का? छापायच्या दिवशी मजकूर लिहितात का? यावर बाप म्हणतो, "दार लावून घे." ते माझं वाक्य. ते पक्कं आहे.


१२ सप्टेंबर, शनिवार

उद्या खेळ. माइक खरखरतो. भाड्याचा टीव्ही सांगितल्यापेक्षा लहान आला. प्रभाकररावांचा घसा बसला आहे आणि ते हळदीच्या दुधाऐवजी आइसक्रीम खाऊन आले. मी हात टेकले.


१३ सप्टेंबर, रविवार

खेळ झाला. चुका आधी लिहितो.

एक, प्रभाकरराव सुरुवातीलाच डेनिसचं वाक्य डेनिस खोलीबाहेर गेल्यावर बोलले. रिकामी खोली बोलली. दोन, गुंजन मध्येच खोकली, आणि पडद्यावरची मेम त्या वेळी चुंबन घेत होती. तीन, गल्लीच्या प्रसंगात मी आरशांबद्दल प्रेक्षकांना माइकवरून दोन शब्द सांगितले, ते लोकांना आवडले नाहीत. मागून कुणी ओरडलं, "काका, आरसे घरी मोजजा!"

सभागृह मात्र भरलं होतं. भिंतीवरची पोरं आत, बाया पुढे सतरंजीवर. पहिल्या रांगेत जयवंता आत्या. ती कशी आली? अंकित घेऊन आला असेल. पंचफुलाच्या मांडीला मांडी लावून बसली होती.

पुलावरच्या प्रसंगाला टाळ्या पडल्या. फटफटीवाले बोलले की हशा, शिट्ट्या. मला वाटलं होतं ते आपल्या बोलीला हसतील. तसे हसले नाहीत. वेगळं हसू होतं. घरचा माणूस परगावच्या बाजारात भेटल्यावर हसतात तसं. स्कूटरवाल्यांच्या शुद्ध मराठीला मात्र पोरं नाकात बोलून वेडावत होती. त्यात काय हसण्यासारखं होतं, मला कळलं नाही. उत्तम वाक्यं होती.

मग टेबल आलं.

मी आणि आदेश एका माइकवर. रॉय बापाला सांगतो की मी चाललो. आदेश म्हणाला, "बाबा, मी घर सोडून चाल्लो." मी माझं वाक्य म्हटलं, "काटा डाव्या हातात धर." स्वच्छ, वेळेवर. मग ती पाठ आली. आदेश गप्प. मला वाटलं विसरला. मी कागदावर बोट ठेवून त्याला 'जातो मग' दाखवलं. त्याने कागदाकडे बघितलं नाही, पडद्याकडेही नाही.

"बाबा, मी काय म्हनून राह्यलो, ते तुमी आयकलंच नाई. मी कसं म्हनून राह्यलो, तेवढंच आयकलं."

हे कुठे लिहिलेलं नव्हतं! मूळ चित्रपटात नाही, माझ्या कागदात नाही, तालमीत नाही. पण पाठ वळली आणि वाक्य संपलं. जागा बरोबर भरली.

पडद्यावर बापाचे ओठ हलले. माझं वाक्य होतं. कागद हातात होता, तीन शब्द, मीच लिहिलेले. बापाचे ओठ हलून थांबले. रॉय उठला.  रॉयने दाराच्या कडीला हात घातला.

मी काही तरी बोललो. काय ते आठवत नाही. गुंजन म्हणते मी म्हटलं, "जेवून तं जाजो."

म्हटलं असेल.

रॉय दार उघडून गेला. तो कसा थांबेल? त्याचं तीस वर्षांपूर्वीच ठरलेलं आहे. आदेश माझ्या शेजारीच उभा होता. त्याने माइक जरा माझ्याकडून आपल्याकडे ओढला, कारण पुढचं वाक्य त्याचं होतं.  

संपल्यावर आत्या माझ्यापाशी आली. मी मनात उत्तर तयार ठेवलं — पत्रिकेत चूक नव्हती, आत्या. ती म्हणाली, "भाऊ, समदं समजलं आज. इंग्रजी सोपं असते नाई?" आणि गेली.

आदेश माइकच्या वायरी गुंडाळून हेमराजबरोबर जामला गेला. घरी आला नाही.  पंचफुलाने या वेळी भाकऱ्या मोजूनच केल्या होत्या, आम्हा तिघांपुरत्या.


१४ सप्टेंबर, सोमवार

संवादाबाहेरचं वाक्य माइकवर बोलणं हा बेशिस्तपणाच. त्याचाही. माझाही.


१८ सप्टेंबर, शुक्रवार

वाचनालयात वाद! समितीतले दोघे म्हणाले, वाचनालयाच्या माइकवरून अशी भाषा शोभते का? मी उभा राहिलो. अशी म्हणजे कशी? त्यांना काय शोभत नाही, ते त्यांनी शुद्धलेखनासह लिहून द्यावं, मी तपासून देतो. बसले खाली. घरी येईपर्यंत कपाळ तडतडत होतं. आयुष्यभर जे मी बोललो, तेच मला कुणी तरी ऐकवत होतं आणि ते इतकं वाईट ऐकू येत होतं!

फोन वाजला. उचलला. पलीकडे आदेश. मला वाटलं, ठेवेल.

"बाबा?"

"हो."

"मामा म्हनून राह्यला का पुढच्या रविवारी पिक्चर इकडे जामले दाखोवू. ट्रकवाले, ढाबेवाले, समदेच मांगून राह्यले. कॅसेट भेटन का?"

"महिनाअखेरीस परत करायची आहे. तेवढ्यात होईल."

"पत्रक छापा लागन."

"लागेल," मी म्हटलं. मग म्हटलं, "लागन. तू येऊन जुळव."

तो म्हणाला, "येतो."

फोन मी आधी ठेवला नाही. त्यानेही लवकर ठेवला नाही.


२२ सप्टेंबर, मंगळवार

आदेश आला होता. जेवून गेला. पत्रक स्वतः जुळवलं —

'रविवारी जामले शिनिमा हाये. स्कूटरवाले अन् फटफटीवाले. आपल्या बोलीत. समद्यायनं पाहाले येजा. बोलनारे — प्रभाकरराव, गुंजन, आदेश, अन् मा. श्री. मनोहरराव उमाटे.'

शेवटच्या ओळीत एक दुरुस्ती केली. माझं नाव काढून 'आदेशचे बाबा' घातलं. बाकी प्रूफ दोनदा तपासलं. चूक नाही.